खालच्या खणातली एक्केचाळीस कार्डे

मित्रांनो, कमरेतून पुरते वाकल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही. डोकेदुखीच्या दवाखान्यात, खिडकीच्या डाव्या हाताला, नऊ खणांचे एक जुने लाकडी कपाट उभे आहे. त्यातला सगळ्यात खालचा, नववा खण म्हणजे मी. माझी मूठ पितळेची आहे, पण ती पुसायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या पोटात आज एकही कार्ड नाही. का नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट आनंदाची नाही, आणि तिच्यात माझाही थोडा दोष आहे.

एका सुताराने आम्हाला बटणांच्या दुकानासाठी घडवले. वरच्या आठ खणांना त्याने एकाच चांगल्या फळीचे लाकूड वापरले. माझ्यापर्यंत येता येता फळी संपली, म्हणून माझ्या वाट्याला दुसरीच, जरा ओली फळी आली. त्यामुळे हवा दमट झाली की मी फुगतो आणि अडून बसतो. दुकानात माझ्याकडे मोठ्या कोटांची काळी बटणे असायची. मला ओढले की ती खुळखुळायची आणि आईबरोबर आलेली मुले हसायची. ते दिवस सुखाचे होते. पुढे लोक शिवलेले कपडेच विकत घेऊ लागले, दुकान बसले, आणि आम्ही एका जुन्या सामानाच्या गोदामात धूळ खात पडलो. तिथून आम्हाला मोठ्या बाईंनी उचलले.

मोठ्या बाई म्हणजे या दवाखान्याच्या डॉक्टर. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी स्वतः फडके घेऊन आम्हाला पुसले आणि शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाल्या, "डोकं दुखतं, एवढंच कुणी सांगितलं ना, की मला काहीच सांगितलं नाही असं वाटतं. कुठे दुखतं? कसं दुखतं? किती वेळ? नाव ठरल्याशिवाय औषध कसं ठरणार?"

मग त्यांनी आम्हाला नावे दिली. पहिला खण अर्धशिशीचा. त्याच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून तो कायम ऐटीत असे. दुसरा ताणाच्या डोकेदुखीचा. तिसरा एका डोळ्यामागे रोज ठरल्या वेळी उठणाऱ्या भयंकर दुखण्याचा. त्याच्यात कार्डे थोडी, पण जी होती त्यांवर अश्रूंचे डाग होते. सातव्यावर 'इतर' अशी चिठ्ठी लागली. त्याच्यात कारकून आपला चष्मा आणि डबासुद्धा ठेवायचा. आठवा, माझ्या अगदी डोक्यावरचा, त्याचे नाव 'गोळ्यांनी आणलेली'. दुखणे थांबावे म्हणून माणसे दुकानातून गोळ्या घेतात, रोज घेऊ लागतात, आणि मग त्या गोळ्याच दुखणे आणू लागतात. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही.

आणि मी. माझ्यावर चिठ्ठी लागली 'दाद न देणारी'.

बाईंनी माझ्यासाठी मात्र एक नियम केला. त्या म्हणाल्या, "या खणात कार्ड टाकणं म्हणजे माणसाला सांगणं, की आता आमच्याकडे काही नाही. तेव्हा इथे कुणाला उगाच टाकायचं नाही." त्यांनी तो नियम जाड कागदावर लिहिला. चार वेगवेगळी औषधे, प्रत्येक पुऱ्या मात्रेत, प्रत्येक किमान दोन महिने. दुकानातल्या गोळ्यांचा अतिरेक नाही, याची आधी खात्री. हे सगळे करूनही चारही औषधे हरली, तरच नववा खण. तो कागद त्यांनी माझ्या तळाला खळ लावून चिकटवला. मला त्याचा फार अभिमान वाटला. बाकी आठांच्या पोटात नुसते लाकूड होते, माझ्या पोटात नियम होता.

पण मित्रांनो, तळाला चिकटवलेला कागद वाचतो कोण? पहिले कार्ड पडले आणि नियमाचा कोपरा झाकला. दहावे पडले आणि तो पुरता दिसेनासा झाला.

कार्डही बाईंनीच आखले होते. वर माणसाची माहिती, मध्ये डोक्याचे रेखाचित्र, त्यावर दुखते तिथे फुली. खाली चार चौकोन. एक औषध द्यायचे, चौकोनात त्याचे नाव लिहायचे. ते लागू पडले नाही तर चौकोनावर काट मारायची. सुटसुटीत काम होते. दुसऱ्या गावांहून डॉक्टर येऊन आमचे कपाट पाहून जात आणि बाईंची तारीफ करत. कारकुनाला तर सगळे 'नेटके' म्हणूनच हाक मारायचे, इतका तो टापटिपीचा. चारही चौकोनांवर काट आली रे आली, की कार्ड उचलून तो माझ्यात ठेवायचा. एक दिवसही उशीर नाही. त्याची काट पट्टी लावून मारलेली असायची.

अशाच एका दुपारी वहिनी आली. तिचे नाव मला ठाऊक आहे, पण मी तिला वहिनीच म्हणतो, कारण तिच्याबरोबर आलेल्या धाकट्या नणंदेच्या तोंडून मी तोच शब्द ऐकत राहिलो. वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. फिरत्या चाकावर काच धरायची, बोटाने धार चाचपायची, पुन्हा धरायची. हात असा, की दुकानदार अवघड काच दुसऱ्या कुणाला द्यायचाच नाही. महिन्यातले वीस दिवस तिचे डोके दुखत होते.

"घरी दीड वर्षाची पोर आहे, बाई," ती म्हणाली. "ती हसली तरी डोक्यात घण पडतात. आईला पोरीचं हसणं सोसत नाही, हे कुणाला सांगू? मला एवढंच बरं करा. तिचं हसणं सोसवेल, एवढंच."

"वहिनी, रडू नकोस, आणखी दुखेल," नणंद म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसू लागली.

बाईंनी तपासले. अर्धशिशी ठरली, कार्ड पहिल्या खणात गेले, पहिल्या चौकोनात औषधाचे नाव आले. बाहेर साठ माणसे खोळंबली होती. पुढच्या खेपेला वहिनी आली तेव्हा नेटक्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "औषध लागू पडलं का?"

"नाही हो."

काट.

त्या औषधाने तिला झोप यायची, हे नणंदेने बाहेरच्या बाकावर कुणाला तरी सांगितलेले मी ऐकले होते. चाकासमोर पेंग आली तर बोट जायचे, म्हणून वहिनीने ते नवव्या दिवशी बंद केले होते. नवव्या दिवशी! पण प्रश्न होता लागू पडले का, आणि त्याचे उत्तर 'नाही' असेच होते. दुसरे औषध तिने अर्ध्या मात्रेतच घेतले, कारण पहिल्याचा धसका बसला होता. तिसऱ्याने बोटांना मुंग्या यायच्या. काचेची धार ज्या बोटांनी ओळखायची त्यांनाच मुंग्या! तीन आठवडे तिने कसेबसे काढले. चौथे औषध दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवरच महिन्याभरात संपले. "पुढच्या वेळी येईल," असे सांगून तिला परत पाठवले, आणि पुढच्या वेळी नेटक्याने विचारले, "लागू पडलं का?"

चार काटा. प्रत्येक सरळ, पट्टी लावून मारलेली.

या सगळ्या काळात ती कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या घेत होती. आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज, मग रोज तीन. तिला कुणी विचारले नाही आणि ती सांगायला लाजत होती. गोळ्या खाऊन उभी राहते म्हणजे आपले दुखणे खोटेच असणार, असे डॉक्टरांना वाटेल, ही तिची भीती. डोके आता महिन्यातले सव्वीस दिवस दुखत होते.

मी हे सगळे ऐकले होते. आठवा खणही ऐकत होता. तिचे कार्ड खरे म्हणजे आधी त्याच्याकडे जायला हवे होते. पण लाकडाला तोंड नसते, मित्रांनो. नेटक्याने मला ओढले तेव्हा हवा दमट होती. मी फुगून अडलो. मनात म्हटले, आज काही झाले तरी उघडायचे नाही. त्याने दोनदा ओढले, तिसऱ्यांदा गुडघा लावून ओढले, आणि मी उघडलो. एवढीच माझी ताकद.

बाईंनी वहिनीचा हात हातात घेतला. त्या निष्ठुर नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. त्या म्हणाल्या, "काही डोकेदुख्या औषधांना दाद देत नाहीत. यात तुझा दोष नाही. आता तिच्याबरोबर राहायला शिकायचं."

"राहायला शिकायचं म्हणजे?" नणंद उसळली. "भाडेकरू आहे का ती?"

"गप गं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता. तिने पिशवी उचलली, बाईंना नमस्कार केला, आणि दोघी गेल्या. सहा महिन्यांनी यायला सांगितले होते. ती दोनदा आली. मग आली नाही.

मित्रांनो, खण बंद झाला की आत किती अंधार असतो, याची तुम्हाला कल्पना नाही. वरचे खण दिवसातून वीस वेळा उघडत. त्यांतली कार्डे बाहेर जात, नवीन औषधाचे नाव घेऊन परत येत, कधी कधी 'बरी' असा शिक्का घेऊन कायमची जात. माझ्यातले कार्ड कधीच परत जात नसे. माझ्या चिठ्ठीचे नाव ऐकून इतर खणही माझ्याशी जरा जपूनच वागत. एकेकाळी ज्याचा अभिमान होता, त्या नियमावर एक्केचाळीस कार्डे निजली होती आणि मी त्यांना धरून होतो. चार वर्षे गेली.

मग दवाखान्यात संगणक आला, आणि त्याच्यापाठोपाठ एक नवी डॉक्टर आली. तरुण होती, चपला काढून टेबलाखाली ठेवायची, आणि प्रश्न फार विचारायची. कार्डे संगणकात चढवायचे काम तिच्याकडे आले. वरून सुरुवात करून ती पंधरा दिवसांनी माझ्यापाशी पोचली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसली.

"नेटकेकाका," तिने विचारले, "इथे संगणक विचारतोय, प्रत्येक औषध किती दिवस घेतलं. कार्डावर कुठे लिहिलंय?"

"दिवस?" नेटके चष्मा शोधत म्हणाले. "दिवसांचा रकाना नाहीये कार्डाला."

"मग दोन महिने पुरे झाले, हे कसं ठरवायचात?"

"चार काटा झाल्या की..." नेटके बोलता बोलता थांबले. त्यांच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

नव्या डॉक्टरने माझ्यातली सगळी कार्डे एकदम उचलली. इतक्या वर्षांनी माझ्या तळाला उजेड लागला. तिने तो कागद वाचला. मोठ्याने वाचला. मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या, जवळ आल्या, आणि आपलेच अक्षर खाली वाकून पाहू लागल्या. वयामुळे त्यांना वाकता येईना, म्हणून त्याही फरशीवर बसल्या.

मग बाई म्हणाल्या, "नियम मी केला. कार्ड मी आखलं. आणि दिवसांना जागाच ठेवली नाही."

"बाई, काटा मी मारल्या," नेटके म्हणाले.

"तू मी सांगितलं तेच केलंस."

त्या दिवशी एक्केचाळीस कार्डे एकेक करून वाचून होईपर्यंत बाई घरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पत्रे गेली, फोन गेले. प्रत्येकाला तेच विचारले. किती दिवस घेतलं? किती घेतलं? दुकानातल्या गोळ्या किती घेता? चोवीस जणांचे दुखणे खरोखरच दाद न देणारे निघाले. त्यांच्यापुढे बाई मान खाली घालून बसल्या, पण तिथे चूक नव्हती. उरलेल्या सतरांपैकी ज्यांच्याशी बोलणे झाले, त्यांना मात्र कुणी पुरते औषध दिलेच नव्हते. याच सतरांतल्या तिघांची पत्रे पत्ता बदलल्यामुळे परत आली. एका घरून मुलाचे उत्तर आले, की वडील गेल्या वर्षी वारले, डोकेदुखीने नव्हे, पण शेवटपर्यंत डोके धरूनच होते.

वहिनीच्या पत्रावर नणंद एकटीच आली.

"ती येणार नाही म्हणते," ती म्हणाली. पूर्वीची उसळी तिच्यात उरली नव्हती. "म्हणते, माझं ठरून गेलंय. आता पुन्हा आशेला लावू नका. काचांचं काम सुटलं तिचं, दोन वर्षं झाली. पडदे लावून पडून असते. मी तरी तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

बाईंनी पर्स उचलली आणि नणंदेबरोबर निघाल्या. इतक्या वर्षांत बाहेर पेशंट खोळंबले असताना त्यांना जाताना मी प्रथमच पाहिले. तिथे काय झाले, ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात वहिनी आली. चार वर्षांत दहा वर्षांनी वाढल्यासारखी दिसत होती. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "औषधं हरली नव्हती म्हणता. मग हरलं कोण, बाई?"

"मी," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे वहिनी खुर्चीत बसली.

आधी दुकानातल्या गोळ्या बंद झाल्या. ते तीन आठवडे फार वाईट गेले. नणंद एक दिवसाआड दवाखान्यात फोन करायची आणि नवी डॉक्टर फोनवर तिला धीर द्यायची. मग पहिलेच औषध पुन्हा सुरू झाले, जे नवव्या दिवशी बंद पडले होते तेच. या वेळी थेंबाथेंबाने, रात्री झोपताना, दर आठवड्याला थोडे वाढवत. दोन महिने पुरे. मग तिसरा. सव्वीस दिवसांचे अठरा झाले, अठराचे अकरा झाले, अकराचे पाच झाले.

तुम्ही म्हणाल, झाले की मग सगळे चांगले. मलाही तसेच वाटले होते. मी खुशीत होतो. माझ्या पोटातून निघालेले पहिले कार्ड 'बरी'च्या शिक्क्यापर्यंत जाणार होते.

त्या दिवशी वहिनी मुलीला घेऊन आली. वहिनीने केस नीट बांधले होते आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे तोंड करून बसली होती. पूर्वी ती उन्हाकडे पाठ करायची. मुलगी आता सहा वर्षांची झाली होती. पाय न वाजवता आत आली, खुर्ची न सरकवता खुर्चीच्या काठावर टेकली, आणि हात मांडीवर ठेवून बसली. इतके शहाणे मूल दवाखान्यात कधी आले नव्हते. नेटक्यांनी तिला खाऊची गोळी दिली, तर तिने चांदीचा कागद आवाज होऊ नये म्हणून मुठीत दाबून हळूहळू उलगडला.

"नाव काय गं तुझं?" मोठ्या बाईंनी विचारले.

मुलीने आधी आईच्या कपाळाकडे पाहिले. मग ओठ हलले.

"मोठ्यानं सांग की. इथे कुणी रागवत नाही."

"सांग, बाळा," वहिनी म्हणाली. "आईचं डोकं आता दुखत नाहीये. खरंच. ओरड हवं तर."

मुलीने पुन्हा आईच्या कपाळाकडे पाहिले. बाईंच्या कानापाशी तोंड नेऊन तिने कुजबुजत नाव सांगितले.

"शाळेतही अशीच बोलते," वहिनी म्हणाली. "वर्गातल्या बाई सांगतात, ऐकूच येत नाही. हसते, तेव्हा तोंडावर हात धरते. मी रोज सांगते तिला, हस गं, आता मला सोसतं. पण तिला येतच नाही." आणि मग, औषध सुरू झाल्यापासून जी एकदाही रडली नव्हती, ती वहिनी रडू लागली. मुलगी चटकन उठली, आईचे डोके दोन्ही हातांत धरले आणि अंगठ्यांनी कपाळ दाबू लागली. सवयीचे हात होते ते. कुठे दाबायचे, हे कुणी सांगावे लागले नाही.

मोठ्या बाई उठून खिडकीशी गेल्या. त्यांनी त्या दिवशी कार्डावर शिक्का मारला नाही.

मित्रांनो, मी जुने लाकूड आहे. सगळी कार्डे आता संगणकात गेली आहेत, आणि उद्या हे कपाट इथून हलवतील, कारण संगणकाला जागा हवी आहे. मला त्याचे दुःख नाही. मला एवढेच मागायचे आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणाबद्दल 'याचे काही होणार नाही' असे ठरवून टाकण्याआधी एकदा वाका. त्याला नीट विचारा, किती दिवस झाले, कसे झाले, कुणी पुरते पाहिले का. आणि कुठे फार शांत, फार शहाणे मूल दिसले, तर त्याला नुसती शाबासकी देऊन निघून जाऊ नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा आणि ते मोठ्याने बोलेपर्यंत थांबा.